पाटाच्या कडेने सायकल

गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, म्हणून मी कॉलेजला पाटाच्या कडेने सायकलवर येतो. १८७६-७८च्या दुष्काळानंतर काढलेला हा नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. पाणी आपल्या ओढीनेच पुढे जावे म्हणून तो जमिनीच्या समपातळीला धरून, अगदी अल्प उताराने नेला आहे. साहजिकच पाहणीसाठी भरावावर केलेल्या मुरुमाच्या वाटेलाही फारसा चढ नाही. दमछाक होत नाही. मात्र बाभळीचे काटे फार, पंक्चरचे सामान जवळ हवेच. पावसात मुरूम निसरडा होतो आणि पाट खोल आहे, तेव्हा पाण्याकडची बाजू सोडून चालवावे. अंधारात हमरस्ताही नको आणि पाटही नको. दिवस मावळायच्या आत घर गाठावे.