गर्दीत एकाचीच चौकशी

रिमोटचं बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, पण चित्र काही येत नाही. जुन्या एलसीडी टीव्हीचं हे नेहमीचं दुखणं. मागचं झाकण उघडून पॉवर सप्लायचा बोर्ड पाहिला, तर बऱ्याचदा दोषी नुसत्या डोळ्यांनी सापडतो. कपॅसिटरच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या बुटक्या डब्यांपैकी एखादीचा माथा फुगलेला असतो. त्या माथ्यावर खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात. आत वायू साठला, तर डबीचा स्फोट होण्याऐवजी ती तिथून उसवावी, एवढ्यासाठी. पण खरा पेच असतो माथा सपाट असलेल्या, दिसायला ठणठणीत कपॅसिटरचा. तो आतून पार गेलेला असू शकतो, आणि साधा मल्टिमीटर त्याला खुशाल पास करतो.

त्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि द्रावात भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. वीज अडवतो तो कागद नव्हे, तर एका पट्टीवर चढवलेला ऑक्साइडचा पापुद्रा. दर व्होल्टमागे त्याची जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर. २५ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा भरत नाही! आणि त्याला कुठे चीर पडली, तर भोवतालचा द्राव ऑक्सिजन पुरवतो आणि तिथे नवा पापुद्रा धरतो. चार-दोन रुपयांची वस्तू वर्षानुवर्षं आपली जखम आपणच भरत असते, याचं मला आजही नवल वाटतं.

हाच द्राव उष्णतेने आटत जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. द्राव आटला की विजेची वाट अरुंद होते आणि आत एक नको असलेला रोध तयार होतो, त्याला ईएसआर म्हणतात. १००० मायक्रोफॅरडच्या चांगल्या कपॅसिटरमध्ये तो सहसा ०.१ ओहमच्या आत असतो. तो अर्धा ओहम झाला आणि त्यातून २ अँपिअर ये-जा करू लागले, तर २ वॅट उष्णता त्या इवल्या डबीतच मुरते. मग द्राव आणखी आटतो, रोध आणखी वाढतो. मल्टिमीटर मात्र कपॅसिटर सावकाश भरून पाहतो. त्या संथ चालीत अर्ध्या ओहमची अडचण जाणवतच नाही.

ईएसआर मीटर ती पकडतो, तीही कपॅसिटर बोर्डावरून न काढता. एरवी बोर्डावर मोजणं म्हणजे गोंधळ. डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी सगळे एकमेकांना जोडलेले, मग आकडा नक्की कोणाचा? हा मीटर सेकंदाला सुमारे एक लाख आवर्तनं करणारा प्रवाह सोडतो, पण त्याचा व्होल्टेज ०.१ च्या आसपासच ठेवतो. सिलिकॉनच्या भागांना जागं व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे ते झोपलेलेच राहतात. आणि एवढ्या वेगाला १००० मायक्रोफॅरडचा स्वतःचा विरोध उरतो ०.००१६ ओहम, म्हणजे नसल्यातच जमा. मीटरवर येतो तो निव्वळ ईएसआर. भर गर्दीत प्रश्नच असा विचारायचा, की ज्याचा आहे त्यानेच उत्तर द्यावं! इतकी देखणी युक्ती मोजमापाच्या दुनियेत मला फारशी दिसलेली नाही.

तरी हा मीटर फसतो. शॉर्ट झालेला कपॅसिटरही कमी ईएसआर दाखवतो, म्हणून ओहमवर एकदा तपासून घ्यावं. दोन कपॅसिटर समांतर असतील, तर चांगला शेजारी वाईटाला झाकतो. तिथे एक पाय सुटा करण्याला पर्याय नाही. आणि या सगळ्याआधी प्लग काढून मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा, मग व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरवर खात्री करायची. २३० व्होल्टच्या एसीचे त्याच्यात ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात.

मीटर नसेल, तर जाणते कारागीर प्लग काढलेल्या बोर्डावर हेअर ड्रायर धरतात. ऊब मिळाली की उरलासुरला द्राव वीज बरी वाहून नेतो, ईएसआर उतरतो, आणि प्लग लावताच अडलेला टीव्ही कधीकधी चालू होतो. मग दोष कपॅसिटरमध्येच असावा, हे कळलेलं असतं. नवा घेताना १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा मागावा, आणि अंगावरचा पट्टा ऋण बाजूला येईल असाच बसवावा.