खाडीची हजेरी कोण घेणार?

भाईंदर सुटलं की विरारकडे जाणारी लोकल नायगावच्या पुलावर चढते. डब्यातली निम्मी पब्लिक रील्समध्ये, उरलेली झोपेत. खाली वसईची खाडी, कडेला तिवरांची दाट हिरवी पट्टी, ओहोटी असेल तर चिखलात पाय रोवून उभे असलेले बगळे. तुम्हीही हे शंभर वेळा बघितलंय. आता सांगा, त्या चिखलात कोण कोण राहतं? मागच्या वर्षी जास्त होते की यंदा?

कुणी मोजलंच नसेल, तर उत्तर नाही. आणि आपल्या शहरात उत्तर नसणं महागात पडतं. एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, तिसरीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मध्ये मिठागरं, अशा चिमटीत मिरा-भाईंदर वाढतंय. दहिसर-भाईंदर जोडरस्ता मिठागरांच्या जमिनीतून आखलाय. डोंगरीत मेट्रो-९ च्या कारशेडसाठी झाडं तोडण्यावरून आंदोलन झालं. प्रकल्प हवेत की नकोत, या भांडणात मी पडत नाही (मेट्रो मलाही हवीये). पण मोठा प्रकल्प आला की पर्यावरणाचा अहवाल लागतो आणि तो तयार करणारी टीम त्या जागी मोजकेच दिवस फिरते. त्या दिवसांत जे दिसलं नाही आणि ज्याची आधीची नोंद नाही, ते कागदावर येणार कुठून?

मुंबईत हे लोकांनी जवळून बघितलंय. २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही निसर्गवेड्या मंडळींनी ओहोटीला किनारे पालथे घालायला सुरुवात केली. गिरगाव, हाजी अली, जुहू, कार्टर रोड. आपण जिथे भेळ खाऊन परत येतो, तिथल्या खडकांत त्यांना समुद्री गोगलगायी, खेकडे, ऑक्टोपस आणि चक्क जिवंत प्रवाळ सापडले. फोटो, तारीख, जागा, सगळं आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर. पुढे कोस्टल रोडचं काम आलं, तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांचा विषय टाळता आला नाही. २०२० मध्ये १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या. रस्ता झालाच. हलवणं म्हणजे वाचवणं का, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण प्रवाळ आहेत हेच माहीत नसतं, तर ते भरावाखाली गेले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

याला म्हणतात सिटिझन सायन्स. मराठीत नागरिक विज्ञान. शब्द जड आहे, काम नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर. यात प्रोफेसर आहेत तसे बँकवाले आणि कॉलेजची पोरंही आहेत. किनाऱ्यावर उतरणारे स्थलांतरित पक्षी कमी होतायत, हे याच नोंदींमधून दिसलं. आपल्या मिठागरांवर हिवाळ्यात येणारे तुतवार, चिखले त्याच कुळातले!

आता तुमच्या कामाचं. पक्ष्यांसाठी ई-बर्ड अ‍ॅप घ्या. एका जागी पंधरा मिनिटं थांबा, दिसलेले-ऐकलेले पक्षी आणि त्यांची संख्या लिहा. शेवटी अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? इथे ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. म्हणजे कावळा, कबुतर, साळुंकीसकट सगळे. नवखे लोक नेमकं इथे घसरतात. ‘काय कावळा लिहायचा!’ म्हणून फक्त खंड्या लिहितात. पण यादी पूर्ण असेल तरच तिच्यात काय नव्हतं हे कळतं. २०२० च्या अहवालाने सांगितलं की चिमणी देशभरात टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत कमी झालीये. हे कळायला चिमणी न दिसलेल्या याद्याही लागतात.

बाकी सगळ्यासाठी, म्हणजे कोळी, बेडूक, तिवराचं फूल, निवटी, यांसाठी आयनॅचरलिस्ट. नाव माहीत नसलं तरी चालतं. फोटो टाका, ओळखणारे ओळखतात. निदान दोघांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. आवाजावरून पक्षी सांगणाऱ्या अ‍ॅपवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. पक्षी स्वतः बघा, मगच लिहा.

जागा? भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची चौपाटी, घोडबंदर रोडला चेणे, आणि उत्तनचा खडकाळ किनारा. उत्तनला जायचं तर भरती-ओहोटी बघून. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तरी भरतीचं वेळापत्रक तपासाच, आणि खाडीच्या आत पाणी उशिरा चढतं हे लक्षात ठेवा. दगड उलटवला तर पुन्हा तसाच ठेवा. चिखलात उतरू नका. बोंबील वाळत असतात तिथून सेल्फी काढत फिरू नका, ते कुणाचं तरी पोट आहे. घुबडाचं घरटं सापडलं तर जागा इन्स्टावर टाकायची नाही, म्हणजे नाही.

पाण्याचं काम अवघड आहे, हेही सांगते. नाल्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे यांची वेळेसह नोंद करता येते, पण त्यातून पाण्यात काय मिसळलंय ते कळत नाही. त्यासाठी लॅब लागते. तिवरांचं त्यामानाने सोपं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात तिवरांच्या तोडीला मनाई केली आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. त्यामुळे भरावाचा डंपर दिसला तर लोकेशनसह, तारखेचा फोटो तक्रारीला जोडता येतो. आणि तिथे भराव टाकण्याआधी काय होतं, हे दाखवणारा जुना फोटो असेल तर त्याहून उत्तम.

दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो आणि त्याच वेळी कॉलेजांसाठी ‘कॅम्पस बर्ड काउंट’. पण तोवर थांबू नका; मिठागरांवरचे पाहुणे त्याच्या बरेच आधी यायला लागतात. एकच जागा धरा, दर आठवड्याला तिथेच जा. एनएसएसमध्ये असाल तर वर्षाचे १२० तास भरायचेच असतात. हे त्यात धरतात का, ते आधी प्रोग्राम ऑफिसरना विचारून घ्या.