हातमोजा कोणी टाकला, कोणी उचलला?

इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना 'थ्रो डाउन द गॉन्टलेट' हा वाक्प्रचार आपल्याला पुष्कळदा भेटतो. गॉन्टलेट म्हणजे हातमोजा. पण थंडीतला लोकरीचा नव्हे बरे का! मध्ययुगात युरोपातले सरदार चिलखत घालून लढत. त्या चिलखताचा लोखंडी हातमोजा तो गॉन्टलेट. सरदाराने तो प्रतिपक्षापुढे जमिनीवर टाकला, म्हणजे 'ये लढायला' असे आव्हान झाले. समोरच्याने उचलला, की आव्हान स्वीकारले.

तुम्ही म्हणाल, या फार जुन्या गोष्टी. तर ऐका. इंग्लंडात अब्राहम थॉर्न्टन याच्यावर मेरी अ‍ॅशफर्ड या तरुणीच्या खुनाचा खटला झाला. १८१७ साली ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. मेरीच्या भावाने एका जुन्या कायद्याने पुन्हा फिर्याद केली. थॉर्न्टननेही तितकाच जुना कायदा शोधून काढला. द्वंद्वाने निवाडा व्हावा, असे म्हणून त्याने भर न्यायालयात हातमोजा टाकला! १८१८ मध्ये न्यायाधीशांना त्याचा हक्क मान्य करावा लागला. भाऊ अंगाने किरकोळ, थॉर्न्टन धिप्पाड. भावाने द्वंद्व नाकारले आणि थॉर्न्टन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ साली, पार्लमेंटने हे दोन्ही कायदे रद्द केले.

कायदा गेला, वाक्प्रचार राहिला. आता संप पुकारणारी संघटना मालकांपुढे 'हातमोजा टाकते', विरोधी पक्ष सरकारपुढे टाकतो.

शिक्षकबंधूंनी हा वाक्प्रचार शब्दशः शिकवू नये. मुलांना वाटेल, कोणाचा तरी मोजा हरवला! कित्येक जण 'विडा उचलणे' असे भाषांतर करतात, तेही बरोबर नाही. विडा आपल्याच धन्यापुढे उचलायचा, कामगिरी पत्करण्यासाठी; मोजा टाकायचा तो प्रतिस्पर्ध्यापुढे. त्यापेक्षा आपल्या आखाड्यातले 'शड्डू ठोकणे' अधिक जवळचे. शड्डू ठोकला म्हणजे कुस्ती लागली असे नाही. समोरचा मल्ल हौद्यात उतरावा लागतो.

हाच या वाक्प्रचाराचा गाभा आहे. मोजा पडला, तरी लढाई अजून व्हायची आहे. म्हणून बातमीत मोजा कोणी टाकला, एवढेच वाचून थांबू नये. तो कोणी उचलला का, हेही पाहावे.