संहितेचे पुस्तक होताना

पहिले पुस्तक छापून आणणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात अक्षरजुळणी करणारे, मुखपृष्ठ करून देणारे आणि लेखकाच्या पैशाने पुस्तक काढून देणारे सगळे एका लोकलच्या अंतरावर भेटतात. खरे कष्ट छापण्याच्या आधी असतात आणि नंतर असतात. आधीच्या कष्टांत संहिता पक्की होते, नंतरच्यांत वाचक मिळतो. नवोदितांची सगळी घाई मात्र मधल्या छपाईची असते.

आधीच्या कामाला हा पट्टा चांगला आहे, कारण वाचनाची सोय येथे फार जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ चे. कथा किंवा कादंबरी लिहू पाहणाऱ्याने आपल्या वाङ्मयप्रकारातली गेल्या दहा-पंधरा वर्षांतली पुस्तके अशा ठिकाणी सलग वाचावीत. कोणता प्रकाशक काय छापतो, हे त्यातून आपोआप कळते. ज्या पुस्तकांत अजून देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिथे तीही पाहावी. गाजलेल्या पुस्तकावर दोन वर्षांत एखादाच शिक्का आणि नाव न ऐकलेल्या पुस्तकाची चिठ्ठी भरलेली, असे पुष्कळदा आढळते.

ठाण्याच्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक विनायक लक्ष्मण भावे. त्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ १८९८-९९ च्या सुमारास ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १९१९ मध्ये आली. मधली वीस वर्षे भावे जुन्या पोथ्या जमवत, वाचत आणि छापत होते. आजच्या लेखकाने वीस वर्षे थांबावे असे कोणी म्हणणार नाही. पण नियतकालिकातून पुस्तकाकडे जाण्याचा हा रस्ता अजून मोडलेला नाही. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे डोंबिवलीचे दोन नामवंत कथाकारही नियतकालिकांतूनच वाचकांपर्यंत पोहोचले.

मराठीत या रस्त्यावरचा मोठा थांबा म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. अंक दिवाळीत येत असला तरी त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी बहुधा पुढच्या वर्षावर जाते. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे द्यावी आणि दोन-तीन महिने उत्तराची वाट पाहून मगच दुसरीकडे पाठवावी. एकच कथा दोन अंकांत छापून आली, तर पुढच्या वर्षी दोन्ही दरवाजे बंद होतात. साहित्य ‘साभार परत’ आले तर ते कच्चेच असते असे नाही. तो अंक विनोदी किंवा ज्योतिषाचा आहे, हे पाठवण्यापूर्वी पाहिलेले नसते, एवढेच कारणही असू शकते.

दुसरा थांबा साहित्यसंस्थांचा. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा या भागात आहेत, डोंबिवलीत काव्यरसिक मंडळ आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये, तर डोंबिवलीत २०१७ मध्ये भरले. नव्या माणसाला अशा ठिकाणी सोबत मिळते, श्रोते मिळतात. परखड मत मात्र क्वचितच मिळते, कारण टाळी वाजवणाऱ्यालाही थोड्या वेळाने स्वतःची कविता वाचायची असते. संहिता दाखवायची तर लेखकाशी ओळख नसलेल्या आणि भरपूर वाचणाऱ्या एक-दोघांना दाखवावी आणि ‘कसे वाटले’ असे न विचारता ‘कुठे कंटाळा आला’ असे विचारावे.

त्यानंतर येते शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम शासनाने स्वीकारले आहेत आणि प्रकाशक बव्हंशी तेच पाळतात. ठाण्याचे अभ्यासक अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ हाताशी असला की निम्म्या शंका फिटतात. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व; हा नियम खुद्द काव्यसंग्रहांच्या प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिकांवर चुकलेला दिसतो. मुद्रिते तपासताना आणखी एक गोष्ट जपावी लागते. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, जोडाक्षरे सुटतात, अवतरणचिन्हे उलटी बसतात. म्हणून मूळ फाइल तपासलेली असली तरी जुळवलेली पाने पुन्हा अक्षर न् अक्षर वाचावी लागतात, आणि तेही शक्यतो लेखकाखेरीज दुसऱ्या कोणी. लेखकाला आपल्या डोक्यातलेच दिसत असते.

प्रकाशकाकडे जाताना संपूर्ण बाड घेऊन जाण्याची गरज नसते. एका पानाचे पत्र, पुस्तकाचा गोषवारा आणि एक-दोन प्रकरणे पुरतात. पत्रात आयुष्याचा पट मांडू नये. पुस्तक कशाविषयी आहे, किती शब्दांचे आहे आणि त्यातले काय कुठे छापून आले आहे, एवढे सांगावे. प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढले, तर लेखकाला छापील किमतीच्या साधारण १० टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी मिळते. लेखकानेच खर्च करायचा असेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण हिशेब आधी लेखी घ्यावा: प्रती किती, कागद कोणता, मुद्रितशोधन कोणाकडे, उरलेल्या प्रती कोणाच्या, विक्री कोण करणार. ‘वितरणाचे आम्ही बघतो’ या वाक्याला हिशेबात काही किंमत नसते. फर्म्याचे गणितही ठाऊक असावे. पुस्तक साधारणपणे १६ पृष्ठांच्या फर्म्यांत छापले जाते. ८ फर्म्यांची १२८ पृष्ठे होतात. ऐन वेळी ऋणनिर्देशाची दोन पाने वाढवली, तर नववा फर्मा उघडतो किंवा मजकूर तरी आवळावा लागतो.

करार वाचल्याखेरीज सही करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क मुळात लेखकाचे असतात, त्यासाठी नोंदणीची अट नाही आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे ते टिकतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास ते संपुष्टात येतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली की थांबावे. अनुवाद, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे असतात आणि ते वेगवेगळे मागता येतात.

आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी पैसे आकारत असेल, तर ते कशाचे, हे विचारावे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. त्या तिन्हींत मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतले मध्यवर्ती ग्रंथालय आहे.

पैशांची अडचण असलेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. आलेली संहिता मंडळ तज्ज्ञांकडून तपासून घेते. योजना पहिल्या पुस्तकासाठी असल्याने, घाईने स्वखर्चाचा संग्रह काढणारा स्वतःच ही वाट बंद करतो. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. पहिल्या काव्यसंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने दिला जातो. अर्थात ही संधीही एकदाच येते.

प्रकाशन समारंभाला जमलेल्यांपैकी बरेच जण प्रत भेट मिळण्याच्या अपेक्षेने आलेले असतात, त्यामुळे त्या दिवशीच्या विक्रीवर भरवसा ठेवता येत नाही. पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजार प्रतींची असे; आता ५०० किंवा त्याहूनही कमी प्रती काढतात आणि पहिल्या पुस्तकाला तेवढ्या पुष्कळ होतात. काही प्रती समीक्षणासाठी राखाव्या लागतात, काही पुरस्कारांच्या अर्जांसोबत जातात. विक्रेत्याला छापील किमतीवर भरघोस सूट द्यावी लागते आणि पैसे बहुधा विक्री झाल्यावर मिळतात, हे किंमत ठरवतानाच धरावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये राज्यात हजारोंनी आहेत आणि ती दरवर्षी पुस्तके घेतात. पण ग्रंथपालापुढे आलेल्या यादीत पुस्तकाचे नाव, किंमत, पृष्ठसंख्या आणि ते कुठे मिळेल एवढे तरी असावे लागते. ते पाठवण्याचे काम प्रकाशक करत नसेल, तर लेखकानेच करायचे.