उन्हाळी लागते तेव्हा शरीर आत काय करत असते?

महिला मंडळाच्या बैठकीत रक्तदाब, साखर, गुडघेदुखी यांवर भगिनी मोकळेपणाने बोलतात. ‘लघवीला आग होते’ हे मात्र बैठक संपल्यावर, चपला पायात सरकवताना, आमच्या कानात सांगतात. तोवर आठ-दहा दिवस दुखणे अंगावर काढलेले असते. म्हणून या वेळी त्याबद्दल उघडच लिहीत आहोत.

जिला आपण उन्हाळी म्हणतो, ती बरेचदा नुसत्या उन्हाने लागत नाही. मूत्रमार्गात जंतू शिरलेले असतात. बहुतेक वेळा हा जंतू ‘ई. कोलाय’ असतो. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथे सहसा काही त्रास देत नाही. शौचाच्या जागेकडून लघवीच्या वाटेत सरकला की दुखणे सुरू होते. पुरुषाची मूत्रनलिका साधारण 20 सेंटिमीटर लांब, तर बाईची जेमतेम 4, म्हणजे दोन बोटांचे अंतर. बायकांना हा त्रास जास्त होतो तो मुख्यतः या ठेवणीमुळे. ‘तूच स्वच्छ राहत नसशील’ असे सुनेला ऐकवणाऱ्या सासूबाईंनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

वाट एवढी जवळ असूनही रोज लागण होत नाही, कारण शरीराने पहारे बसवलेले आहेत. पहिला पहारा बाहेरच, योनिमार्गात. तिथे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद राहतात. ते आंबटपणा टिकवतात आणि त्या आंबट जागेत ई. कोलायला जम बसवता येत नाही. पाळी गेल्यावर हे चांगले जंतू कमी होतात, म्हणून उतारवयात उन्हाळी पुन्हा पुन्हा लागते. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतल्यानेही हा पहारा मोडतो. बाहेरून साधे पाणी पुरते. शौचानंतर मात्र पुढून मागे धुवावे.

यातून निसटलेला जंतू लघवीच्या पिशवीत पोचतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक आकडे असतात. पिशवीच्या अस्तरावर विशिष्ट साखरेचे कण असतात, त्यांना तो या आकड्यांनी धरतो. एकदा धरले की नुसत्या धारेने तो सुटत नाही. म्हणून मूत्रपिंडे आधीच एक सापळा लावून ठेवतात. ती युरोमोड्युलिन नावाचे प्रथिन बनवून लघवीत सोडतात आणि त्या प्रथिनावरही तशीच साखर असते. जंतू फसतो, अस्तराऐवजी यालाच चिकटतो. टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी 1950 मध्ये हे प्रथिन वेगळे करून दाखवले. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारे प्रथिन हेच.

पण कचरा पिशवीत भरून ठेवला आणि घंटागाडीच आली नाही तर? आपल्या वस्त्यांचे खरे दुखणे इथे आहे. गाडी म्हणजे लघवीची धार. सापळ्यात अडकलेले जंतू तिच्याबरोबरच बाहेर जातात. आपल्या कित्येक भगिनी सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाहीत, कारण सार्वजनिक शौचालय लांब, घाण, अंधारे, नाहीतर पैसे मागणारे. ज्या घराची फरशी पुसायची त्याच घरातला संडास वापरू देत नाहीत, असे घरकाम करणाऱ्या बाया आम्हाला सांगतात. लघवी तासन्‌तास तुंबली की राहिलेल्या जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. अशा वेळी नुसता ‘पाणी प्या’ हा सल्ला अर्धाच आहे. मुंबईत स्त्रियांनी 2011 पासून मुतारीच्या हक्कासाठी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली, ती उगाच नव्हे. वॉर्ड ऑफिसला निवेदन देताना दिवा, कडी आणि पाणी यांची मागणी आरोग्याची मागणी म्हणून लिहा.

तरी पाण्याचा गुण मोठा आहेच. वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांचा बल्गेरियातला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले, त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्याकडचे धन्याचे पाणी, सब्जा यांतही पोटात जाते ते पाणीच. प्या, पण त्यालाच औषध समजू नका. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर आधी त्यांना विचारा.

जंतूने अस्तर धरलेच तर शरीर त्या थराच्या पेशीच गाळून टाकते, जंतूसकट. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही धावून येतात. रिपोर्टवर ‘पस सेल्स’ लिहिलेल्या असतात त्या याच, आपल्या लढणाऱ्या पेशी. जळजळ आणि सारखी लागणारी घाई हा याच लढाईचा त्रास. काही जणींचा तो दोन-तीन दिवसांत आपोआप निवतो. पण मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या आणि बरे वाटले की थांबायचे, हे करू नका. त्याने चांगले जंतूही मरतात आणि उरलेले वाईट जंतू त्या गोळीला दाद देईनासे होतात. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असू शकतात. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष यांनी तर साध्या जळजळीलाही थांबू नये. तपासणीसाठी लघवी देताना पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत धरा आणि गोळी सुरू करण्याआधी द्या. नंतर दिली तर कल्चरमध्ये जंतू सापडेलच असे नाही.