पाण्यातला बॉक्सर

काल पोहण्याच्या तलावावरून फुरंगटून आलीस ना, चिमे? पाय मारता येत नाहीत म्हणून? ये, बैस इथे. आपल्या पिंपरीत, टेल्कोत नोकरी केलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

मुरलीकांत पेटकर. मूळचे सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत गेले, तिथे बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यापाशीच रुतून बसली आणि पायांची ताकद गेली.

कण्याच्या पोकळीत करंगळीएवढी जाड दोरी असते, मज्जारज्जू. मेंदूचे निरोप तिच्यातूनच पायांना पोचतात. हातातली चेता, म्हणजे निरोप नेणारी तार, तुटली तर ती वेलीसारखी पुन्हा वाढू शकते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मज्जारज्जूतल्या तंतूंना मात्र ते जवळपास जमतच नाही. एकाच अंगातले धागे, पण स्वभाव निराळे!

मग उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. का? तू जेवढं पाणी बाजूला सारतेस, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा ते तुला खालून देतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहा, पायांवर जेमतेम दहावा हिस्सा भार उरतो. छाती भरून श्वास घेतलास तर तरंगशीलसुद्धा. गावच्या विहिरीत आम्ही पाठीला सुका भोपळा बांधायचो, तो हीच थोडीशी हवा उसनी घ्यायला.

पण गोम अशी, की हवा छातीत आणि पाय जड. ते मारले नाहीत तर खाली जातात, अंग तिरकं होतं, आणि तिरक्या अंगाला पाणी जास्त अडवतं. त्यात वेग दुप्पट केला तर अडवणूक चौपट! ठोसे मारून कमावलेले खांदे आता या पाण्याशी भिडले.

१९६८ ला ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. मग १९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम, आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक.

पद्मश्री मिळाली २०१८ साली. सेहेचाळीस वर्षांनी! तेवढ्यात अठराव्या वर्षी अप्रेंटिस म्हणून चिकटलेला पोरगा निवृत्त होऊन वर चार वर्षं झाली असती.

चल, टॉवेल घे. आज पाय मारूच नकोस. श्वास भरून पाण्यावर नुसती पडून राहा आणि पाय खाली जायला किती आकडे लागतात, ते मोजून मला सांग.