पुढच्या चाकाची घुंघुं

सचिनहून धुळ्याला निघालं की साठच्या पुढे पुढच्या चाकातून घुंघुं सुरू व्हायची. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की वाढायची, म्हणजे संशय उजव्या बेअरिंगवर. हे हब सहाच महिन्यांपूर्वी बदललेलं! तेव्हा अ‍ॅक्सलचा नट एअर गनने ‘टाईट’ करून दिला होता, मोजून नाही.

बेअरिंगच्या आतल्या दोन कड्या एकमेकींवर दाबून धरणं हे या नटाचं काम. सैल राहिला तर चाकात खेळ येतो. फार आवळला तर आटे ताणले जातात. म्हणून मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांना तो 200 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला वीस किलो टांगल्याइतका जोर. पण आपल्या गाडीचाच आकडा बघा.

या वेळी जीआयडीसीत फिटर असलेल्या शेजारच्या काकांकडून टॉर्क रेंच आणला. नट नवाच घेतला. बाबांनी ब्रेक दाबून धरला आणि गाडी जॅकवर असतानाच रेंच ‘कट्’ वाजेपर्यंत आवळलं. आधी चाक टेकवून गाडी हलवली असती, तर नवं बेअरिंग तिथेच बिघडलं असतं. शेवटी नटाची कड खाचेत ठोकून बसवली.

परवा धुळ्याला जाऊन आलो. नवापूरपर्यंत आईच कान लावून बसली होती.